फाट्यावरच्या भेटी

"माणसाचं काळीज रक्तावर चालत न्हाई, मानावर चालतं," असं भुजंगराव केदारखेड्यातल्या आपल्या ओसरीत बसून समोरच्या अकरा माणसांना म्हणाले. वाक्य मोठं होतं. अकराही जणांनी माना हलवल्या. पण शेवटच्या शब्दावर भुजंगरावांना ठसका लागला आणि त्यांनी घाईघाईनं मांडीवरची उशी छातीशी कवटाळली. उशी नातवाची होती. तिच्यावर गाजर खाणारे सात ससे होते. बायपास झालेल्या माणसानं खोकताना छातीशी उशी धरावी, नाहीतर तारेनं शिवलेलं हाड हलतं, असं दवाखान्यानं बजावलं होतं. आणि घरातल्या बाकीच्या उशा अशा होत्या की हाड त्यांनीच मोडलं असतं. ठसका थांबेपर्यंत ससे वरखाली होत राहिले, अकरा जण पत्र्याकडं बघत राहिले, आणि मानाचा विषय तिथंच राहिला.

नंदाबाई कपबश्या गोळा करत होत्या. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की यांचं काळीज कशावर का चालेना, गेले दोन दिवस ते नीट चालत नाही.

ऑपरेशनला चौदा दिवस झाले होते. छातीत जळजळ होते म्हणून नवराबायको छत्रपती संभाजीनगरला दाखवायला गेले. डॉक्टरांनी तपासलं, तीन नळ्या बंद आहेत म्हणाले, आणि परवा सकाळी छाती उघडू असं इतक्या सहज सांगितलं की जणू कपाट उघडायचं होतं. या गडबडीत कुणाला कळवायचं राहून गेलं. ऑपरेशन झकास झालं. घोळ झाला तो कळवण्याचा. शुद्धीवर आल्यावर भुजंगरावांच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'पाणी' नव्हता. "मालनला सांगितलं का?" असं त्यांनी विचारलं. मालन म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण. सांगितलं नव्हतं.

एकंदर सहा घरं रुसली. मालनबाई फोनवर म्हणाल्या, "भावाची छाती फाडली तरी बहिणीला खबर न्हाई. मंग आता बरा झाला हे तरी कशाला सांगू राह्यले?" मुलीच्या सासऱ्यांनी, म्हणजे व्याह्यांनी, नुसतं "असू द्या" म्हटलं. 'असू द्या' हे दोन शब्द भोकरदन तालुक्यात फार वाईट समजले जातात. शिवी दिली तर माणूस पुढच्या पोळ्यापर्यंत विसरतो. 'असू द्या' नातवंडांपर्यंत जातं.

मग घरी आल्यावर रुसवे काढायचा कार्यक्रम सुरू झाला. जो येईल त्याच्यासमोर भुजंगराव उठून बसत, टाके कुठून कुठवर आहेत ते सदऱ्याचं बटण काढून दाखवत, आणि "गडबडीत राहून गेलं, पदरात घ्या" म्हणत. दवाखान्यानं दिलेल्या कागदावर 'भेटणाऱ्यांची गर्दी टाळावी' असं छापलेलं होतं. असला उर्मट कागद पाव्हण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी तो घडी करून गादीखाली सारला होता. त्याच कागदाच्या तळाशी लाल चौकटीत लिहिलं होतं की दम लागला, आडवं झोपता येईना, चक्कर आली, तर ताबडतोब यावं. नंदाबाईंनी ती चौकट दोनदा वाचली होती. काल सकाळी त्या म्हणाल्याही, "मी काय म्हंते, दवाखान्यात फोन लावू का? तुमच्यानं आडवं पडवंना झालंय."

"गॅस धरलाय," भुजंगराव म्हणाले.

"पायावर सूज दिसू राह्यली."

"आज जाफराबादचे येऊ राह्यले. ते आल्यावर आपण घरी नसलो तर काय म्हंतील?"

जाफराबादचे आले, चहा घेऊन गेले. आज अकरा जण आले. साडेअकराच्या सुमारास त्यांच्यातला एक म्हातारा उठला, तर त्याला दारापर्यंत पोचवायला भुजंगराव उठले. उंबऱ्यापाशी गेले आणि तिथंच खाली बसले. कपाळावरून घाम असा निथळला की जणू कुणी तांब्या ओतला. ओठ पांढरे पडले. उरलेल्या दहा जणांपैकी एकानं १०८ ला फोन लावला आणि बाकीचे नऊ जण त्याला काय बोलायचं ते सांगू लागले.

भुजंगरावांना बाजेवर टेकवून बसवलं. त्यांनी नंदाबाईंचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता, आणि हे वैशाखात.

"ऐक," ते म्हणाले. एकेका शब्दामागं श्वास घेत होते. "या टायमाला... कुणी सुटू नाही द्यायचं. समद्यायला सांग."

नंदाबाईंनी फोन घेतला. बेचाळीस वर्षं त्यांनी हे सांभाळलं होतं: कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला फोन चालतो आणि कुणाकडं माणूसच धाडावा लागतो. त्यांनी व्याह्यांना लावला, मालनबाईंना लावला, आणि जे सांगितलं ते पुढं त्यांना विसरता येणार नव्हतं. त्या वेळी मात्र त्यांना ती मोठी सोयीची गोष्ट वाटली. त्या म्हणाल्या, "जालन्याला न्यू राह्यलो. गाडी तुमच्याच फाट्यावरून जाणार हाय. उभ्या उभ्या भेटून घ्या."

तिसरा फोन लावावा की नाही यावर त्या क्षणभर थांबल्या. तो बद्रीनाथचा होता. बद्रीनाथ म्हणजे धाकटा दीर, राजूरच्या पुढं त्याचं रस्त्याकडेला शेत. नऊ वर्षं दोघा भावांचं बोलणं नव्हतं. मुलीच्या, वंदनाच्या लग्नात भुजंगरावांनी गावभर फिरून आवतन दिलं आणि सख्ख्या भावाकडं गेले नाहीत. 'घरच्याच माणसाला काय आवतन द्यायचं?' असं यांचं म्हणणं. 'घरचा म्हणून विसरले' असं त्याचं. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर नऊ वर्षं चाललं.

बद्रीनाथनं फोन उचलला. नंदाबाईंनी सगळं सांगितलं.  तिकडून फोन बंद झाला.

गाडी अठरा मिनिटांत आली. सरकारी वस्तू इतक्या लवकर येते याची गावाला सवय नसल्यामुळं कुणाचीच तयारी झाली नव्हती. नंदाबाई उशी तेवढी घेऊन चढल्या.

गाडीतल्या डॉक्टरीणबाई मोनाली नावाच्या, वंदनाहूनही लहान दिसत होत्या. त्यांनी भुजंगरावांच्या बोटाला चिमटा लावला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, दंडाला पट्टा बांधला, गळ्याच्या फुगलेल्या शिरांकडं बघितलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. ऐकताना त्यांचा चेहरा शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येईना झाल्यासारखा झाला.

"दम कधीपासून लागतोय?"

भुजंगरावांनी एक बोट दाखवलं.

"दोन दिस झाले," नंदाबाई म्हणाल्या.

"मग दोन दिवस काय केलं, काकू?"

"पाव्हणे होते."

 मोनालीबाईंनी सलाईन लावलं, फोनवर इंग्रजीत भरभर काहीतरी सांगितलं, मग नंदाबाईंकडं वळल्या. "नीट ऐका. त्यांच्या हृदयाच्या नळ्या बहुतेक चांगल्या चालल्यात. पण हृदयाभोवती एक पिशवी असते, तिच्यात रक्त साचलेलं दिसतंय. ऑपरेशननंतर कधीकधी असं पंधरा दिवसांनीही साचतं. ते बाहेरून हृदयाला आवळतं. सुई घालून काढलं की माणूस तासाभरात बोलायला लागतो. पण ते काम गाडीत होत नाही. जालन्यात सुई घालणारे डॉक्टर तयारीत उभे आहेत. रस्ता चाळीस मिनिटांचा आहे. तेवढी कळ हे काढतील असं मला वाटतं. त्याहून जास्त नाही."

"म्हंजे दिल बराबर हाय," मास्कच्या आतून भुजंगराव म्हणाले. "भवतालच्यायनंच घोळ केला."

"काका, बोलायचं नाही."

ड्रायव्हर राधेश्याम यानं सायरन लावला आणि गाडी अशी सोडली की केदारखेडा मागं पडलेलं नंदाबाईंना कळलंच नाही. चाळीस मिनिटं. त्यांना एकदम हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या घरासाठी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं: गाडी होती, हवा होती, डॉक्टर होत्या, आणि पलीकडं एक माणूस सुई घेऊन वाट बघत होता.

सहाव्या मिनिटाला गाडी थांबली.

रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून एक माणूस उभा होता आणि त्याच्यामागं आठ जण. राधेश्यामला वाटलं, अपघात झालाय. दार उघडलं तर व्याही आत चढले. त्यांच्या हातात टॉवेल, टोपी आणि नारळ होता.

"काय झालंय? पेशंट कुठंय?" मोनालीबाईंनी विचारलं.

"हा काय," व्याह्यांनी भुजंगरावांकडं बोट दाखवलं. "आमचे व्याही हैत. मागल्या खेपेला आमाला कळालं न्हाई. आता कळवलं, तर रिकाम्या हातानं कसं भेटावं?"

"अहो, त्यांची तब्येत गंभीर आहे. उतरा खाली."

"उतरतोच ना बाई. मी काय जालन्याला येऊ राह्यलो का? टोपी तेवढी घालू द्या."

इथं अडचण आली ती मास्कच्या पट्ट्याची. टोपी पट्ट्यावरून घातली तर बसेना, आणि पट्ट्याच्या आतून घालायची तर मास्क काढावा लागणार. डॉक्टरीणबाई मास्कला हात लावू देईनात. व्याही म्हणाले, "टोपी डोस्क्यावरून खाली पडली तर इथं आठ माणसं बघू राह्यलेत." शेवटी भुजंगरावांनी स्वतःच हात वर केला आणि टोपी धरून ठेवली. ती त्यांनी पुढं अर्धा मैल तशीच धरून ठेवली, कारण मागच्या काचेतून व्याही अजून दिसत होते. खाली उतरताना व्याही नंदाबाईंना म्हणाले, "इहीणबाई, लई बरं केलं फोन केला. मनातलं समदं गेलं." पाच मिनिटं गेली होती.

"मावशी," राधेश्याम पुढून म्हणाला, "तुमचे सोयरे दुसरे कुठं उभे तर न्हाईत ना?"

नंदाबाईंनी उशीवरचे ससे मोजायला घेतले. 

मालनबाईंनी व्याह्यांसारखं स्वतःच्या हातांवर विसंबून राहण्याचा धोका पत्करला नव्हता. त्यांनी रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला होता. त्याच्या सावलीत त्या तबक घेऊन उभ्या होत्या, त्यात कुंकू, तांदूळ, सुपारी आणि पेटवलेलं निरांजन. वाऱ्यानं विझू नये म्हणून दोन सुना दोन्हीकडून पदर धरून होत्या.

दिवा पाहिल्यावर मोनालीबाई दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "आत ऑक्सिजन सुरू आहे. दिवा आणाल तर गाडी पेट घेईल. तुम्ही, मी, तुमचे भाऊ, सगळे जाऊ."

"सख्ख्या भावाला ओवाळायचं बी न्हाई?" मालनबाई म्हणाल्या. "छाती फाडली तवा न्हाई ओवाळलं, म्हनून तर ह्ये झालं. ही कोन पोरगी? वैनी, तुमी सांगा हिला."

नंदाबाई म्हणाल्या, "वन्सं, उगं करू नका. जल्दी जायचंय."

"जल्दी हाय म्हनूनच मी अर्ध्या तासापास्नं हितं उन्हात उभी हाय."

तोडगा निघाला तो असा की मालनबाईंनी पंधरा पावलं लांब उभं राहून ओवाळायचं. तेवढ्यात निरांजन विझलं. काडेपेटी घरी राहिली होती. ती आणायला सून मोटारसायकलवर गेली. मोनालीबाईंनी राधेश्यामला गाडी मागं घेऊन बाजूच्या पाण्याच्या चारीतून काढायला सांगितलं. चाक चारीत बसलं. मग ट्रॅक्टर उपयोगी पडला. त्यानं गाडी ओढून काढली. म्हणजे ज्यानं अडवलं त्यानंच सोडवलं, असं मालनबाई नंतर कितीतरी दिवस सांगत. लांबून ओवाळून झाल्यावर त्या रडल्या, आणि भुजंगरावांनी त्यांच्याकडं बघून डोळे मिटून उघडले. ते बहिणीला पुरलं. आठ मिनिटं गेली होती.

"आता कुणी आडवं येऊ दे, झोपू दे, थांबायचं नाही," मोनालीबाई राधेश्यामला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच नंदाबाईंना त्याची भीती वाटली. पट्टा फुगला, सुटला. रक्तदाबाचा आकडा आला सत्तर. बाईंनी सलाईनची पिशवी हातानं दाबायला घेतली.

राजूर आलं आणि गेलं. नंदाबाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले, पण मागण्यासारखं नेमकं काय आहे ते त्यांचं ठरेना. एक माणूस रस्त्यात नसावा, असं त्यांना मागायचं होतं. आणि तो असावा, असंही.

तो रस्त्यात नव्हता. बद्रीनाथ कधी कुणाला आडवा गेलाच नसता. तो तसला नव्हता. तो रस्त्याच्या कडेला बांधावर उभा होता, गाडीकडं अर्धी पाठ करून, जणू शेतातलं काम करता करता सहज इथं आलाय आणि कुठली गाडी येते-जाते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अंगात मात्र धुतलेला सदरा होता. भर दुपारी धुतलेला सदरा घालून शेतात कुणी काम करत नाही.

काचेतून भुजंगरावांनी त्याला पाहिलं. त्यांनी हात वर केला, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "थांबवा."

"नाही," मोनालीबाई म्हणाल्या. "मास्क वर घ्या."

"नंदे." त्यांनी बायकोला बेचाळीस वर्षांत चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. "थांबव."

पुढच्या अर्ध्या मिनिटात नंदाबाईंनी जे केलं ते दुसऱ्या कुणी करायला लावलं नाही. कुणी रस्ता अडवला नव्हता, ट्रॅक्टर नव्हता, व्याह्यांचा मान नव्हता. त्यांच्यासमोर एक आकडा होता आणि एक माणूस होता. आकडा काय म्हणतोय ते त्यांना कळत होतं. माणूस काय म्हणतोय तेही कळत होतं. त्यांनी ड्रायव्हरच्या मागची काच मुठीनं वाजवली. "भाऊ, थांबवा. तुमच्या पाया पडते."

"काकू, ह्यांच्याकडं वेळ नाही," मोनालीबाई म्हणाल्या.

"एकच मिनिट."

राधेश्यामनं गाडी कडेला घेतली. नंदाबाईंनी दार उघडलं. बद्रीनाथ बांधावरून उतरून चार पावलं आला आणि दारापाशी थांबला. आत आला नाही.

"या ना भावजी," नंदाबाई म्हणाल्या.

"दादा म्हनला का ये म्हनून?"

नंदाबाई नवऱ्याकडं वळल्या. "म्हना ना."

"त्याला... समजत न्हाई का? गाडी थांबवली."

"गाडी तर ड्रायव्हरनं थांबवली," बद्रीनाथ बाहेरून म्हणाला. हे त्याचं बरोबर होतं.

मोनालीबाई दार ओढायला लागल्या, तेव्हा नंदाबाईंनी दार धरलं. हे त्यांना पुढं सगळ्यात जास्त आठवलं, की दार आपण धरलं होतं. दीर बाहेर उभा, नवरा आत टेकून बसलेला, मधे चार फूट पत्रा, आणि दोघंही दुसऱ्यानं सुरुवात करायची वाट बघतायत. नंदाबाई कधी ह्याला, कधी त्याला "म्हना ना" म्हणत होत्या. सायरन कुणी बंद केला नव्हता. वरती तो ओरडत होता, आणि खाली दोघं गप्प होते.

सातव्या मिनिटाला भुजंगरावांनी पुन्हा मास्क खाली ओढला.

"बद्री," ते म्हणाले. "मोसंबीला... पाणी पुरू राह्यलं का?"

बद्रीनाथ एक पाय आत ठेवून वर आला. भावाच्या पावलाला त्यानं दोन बोटं लावली, सुजलेल्या पायावर त्याच्या बोटांचे दोन खड्डे उमटले.

"पुरू राह्यलं," तो म्हणाला.

झालं. नऊ वर्षांचं एवढंच होतं. तो उतरला, दार लागलं, गाडी निघाली. भुजंगरावांच्या तोंडावर जे काही उमटलं ते नंदाबाईंनी ऑपरेशनच्या आधीही कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना वाटलं की आपण केलं ते बराबर केलं. हे वाटणं सुमारे दोन मैल टिकलं.

मग मॉनिटरचा आवाज बदलला. भुजंगरावांची मान एका बाजूला गेली. मोनालीबाईंनी टेकू खाली पाडून त्यांना आडवं केलं, एक हात दुसऱ्यावर ठेवला आणि छातीवर सगळा भार टाकून दाबायला लागल्या.

चौदा दिवस नंदाबाईंनी त्या छातीला कुणाचा धक्का लागू दिला नव्हता. नातू पळत आला तर त्याला मधेच पकडायच्या. सदऱ्याची बटणं सुद्धा हलक्या हातानं लावायच्या. आणि आता ही परकी मुलगी तिथं असं दाबत होती की आतून तारेचा आवाज येत होता. त्यांनी मांडीवरची उशी पुढं केली.

"मॅडम, उशी धरा मधे. हाड हलंल."

मोनालीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्या मोजत होत्या. तीसपर्यंत मोजायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. त्यांच्या नाकावरून घाम भुजंगरावांच्या टाक्यांवर पडत होता. नंदाबाई उशी तशीच पुढं धरून बसल्या. जालना येईपर्यंत कुणी ती घेतली नाही.

दवाखान्याच्या दारात खरोखरच एक डॉक्टर उभे होते. हातात मोजे घालून, शेजारी मशीन घेऊन. खोटं काहीच नव्हतं. ते गाडीत चढले, त्यांनी मशीन टेकवलं, डोळ्यांत उजेड पाडला, मोनालीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठं त्या थांबल्या. 

"चाळीस मिनिटं म्हणाला होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, सर."

"मग साठ कशी लागली?"

 डॉक्टर कागदाचं बघायला आत गेले. मोनालीबाईंनी आपला फॉर्म काढला. त्यात 'विलंबाचे कारण' असा रकाना होता आणि खाली चौकोन होते: वाहतूक, खराब रस्ता, रेल्वे फाटक, वाहनातील बिघाड, इतर. सरकारनं सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. पेन बराच वेळ त्या चौकोनांवरून फिरत राहिलं.

"मॅडम," नंदाबाई म्हणाल्या. "न थांबता आलो असतो तर?"

"तसं सांगता येत नाही, काकू."

नंदाबाईंना तेवढ्यावरून कळलं. सांगता येत नसतं तर ती मुलगी त्यांच्या डोळ्यांकडं बघून बोलली असती.

"शेवटचा थांबा तरी...?"

मोनालीबाईंनी फॉर्मची घडी घातली. त्या गाडीच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांमधे दाबून धरले. "तुम्ही दार धरलं नसतं तर," एवढं त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं की नको, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं.

सोयरे येऊ लागले. केदारखेड्याहून, फाट्यांवरून, मोटारसायकलींवर, एकेका गाडीवर तिघं तिघं. कुणालाही पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागला नाही. व्याही आले. मालनबाई मुलाच्या मागं बसून आल्या, आणि गेटातूनच त्यांनी हंबरडा फोडला. मग त्या नंदाबाईंच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "वैनी, तुमच्यामुळं माझी भेट तरी झाली. देव तुमचं भलं करो." व्याही म्हणाले, "खरंय. बाईनं समद्यायला भेटवलं. असं मरण याया नशीब लागतं." आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या. जो येई तो तेच म्हणे. पहिल्यांदाच असं झालं होतं की भुजंगरावांच्या घरातलं एक काम कुणालाही नाव ठेवायला जागा न ठेवता पार पडलं होतं. नंदाबाई एकेकाचे आभार ऐकत होत्या आणि प्रत्येक आभारागणिक थोड्या आणखी वाकत होत्या. कुणीतरी एकानं तरी, एकानं तरी, आपल्याला शिवी द्यावी, असं त्यांना वाटत होतं. कुणी दिली नाही. कुणी रुसलंही नाही.

बद्रीनाथ सगळ्यात शेवटी आला. तो गेटापाशीच थांबला. धुतलेल्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. तो ना रडत होता ना पुढं येत होता. नंदाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली. गाडी किती वेळ उभी राहिली होती ते त्या सगळ्या माणसांत फक्त त्या दोघांना माहीत होतं. ते आता जन्मभर त्या दोघांनाच माहीत राहणार होतं.

स्ट्रेचर घेऊन येणारी माणसं जेवायला गेली होती. भुजंगराव अजून गाडीतच होते. वरून ऊन थेट टपावर उतरलं होतं, पत्रा कडकड वाजत होता, आणि आत चादरीखाली त्यांचे पाय बाहेर राहिले होते. राधेश्याम गाडीच्या सावलीत उभा राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होता की हो, नवी केस घेतो, हे मोकळं झालं की निघालोच. त्यानं फोन ठेवला, तेव्हा नंदाबाई त्याच्याजवळ येऊन उभ्या होत्या.

"काय, मावशी?"

त्यांना बरंच काही बोलायचं असावं.  पण त्यांनी आवाराच्या पलीकडच्या कडुलिंबाकडं बोट केलं.

"गाडी तेवढी सावलीत घ्या, भाऊ."